दातांचं सोनं

काळ्या मखमलीवर पडलेला पांढरा धागा वहिनीने ओल्या बोटाने टिपून घेतला आणि टेबलावरचं ते कापड पुन्हा चारी कोपऱ्यांना ओढून ताठ केलं.

"सुरकुती नको," डॉक्टर म्हणाले. खिडकीशी उभे राहून ते चष्म्याच्या काचा पुसत होते. "आणि दिवा डावीकडे घे. उजेड तिरपा हवा. समोरून पडला की नाण्यांवरचे चेहरे सपाट दिसतात."

तिने दिवा डावीकडे घेतला.

"त्या बाई वजनकाटा घेऊन येणार आहेत."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? संग्रहालयात मांडायचं तर आधी तोलून बघणारच. माझ्या तोंडाकडे बघून नेतील की काय?"

वजनकाट्याचं तिला सोमवारीच कळलं होतं. डॉक्टर फोनवर बोलत होते आणि ती शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता. तरीही तिने विचारलंच. चोराच्या मनात चांदणं असलं की माणूस माहीत असलेली गोष्टही पुन्हा विचारून बघतो. न जाणो, उत्तर बदललं असेल.

डॉक्टरांच्या मित्रमंडळीत सगळे तिला वहिनी म्हणत, आणि इतक्या वर्षांत तेच तिचं नाव होऊन बसलं होतं. डॉक्टर दातांचे. आता दवाखाना एका तरुण डॉक्टरीणबाईंच्या हवाली केला होता, पण रोज सकाळी तासभर जाऊन ते आपली जुनी खुर्ची गरम ठेवून येत. उरलेला दिवस नाण्यांचा. सोन्याचीच नाणी, आणि तीही हजार वर्षांच्या अलीकडची नकोत. नाणी जमवणाऱ्याला सोन्याचा सोस असतो अशी लोकांची समजूत आहे. ती चुकीची आहे. त्याला दुसऱ्याकडे नाही अशा वस्तूचा सोस असतो; ती मातीची असती तरी चाललं असतं.

वहिनीने कपाटातून लाकडी ट्रे आणून मखमलीवर ठेवला. प्रत्येक नाण्याला त्यात आपापला गोल खळगा होता. मधल्या खळग्यात राणीचं नाणं. डॉक्टरांच्या साऱ्या संग्रहाचा जीव त्या एका नाण्यात होता आणि ते खोटं होतं. वहिनीनेच ते करवून घेतलं होतं, आणि आज ते काट्यावर चढणार होतं.

राणीची कथा ऐकल्याशिवाय या घरातून कोणी पाहुणा सुटला नव्हता. डॉक्टर ती नेहमी त्याच शब्दांत सांगत. राजा लढाईत पडला तेव्हा मुलगा लहान होता. राणीने त्याच्या नावाने कारभार चालवला. मग एके वर्षी तिने स्वतःच्या चेहऱ्याचं सोन्याचं नाणं पाडलं. कोणी म्हणतं गर्वाने, कोणी म्हणतं सैन्याचे पगार चुकते करायला. मुलगा मोठा झाला, गादीवर बसला आणि त्याने पहिला हुकूम सोडला तो असा, की आईचं नाणं जिथे असेल तिथून आणून वितळवा. लोकांनी मुकाट्याने आणून दिली. ज्यांनी जमिनीत पुरून ठेवली त्यांचीच काय ती उरली. साऱ्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. इथे डॉक्टर थांबत, पाहुणा "अरे बापरे" म्हणे, आणि मग डॉक्टर म्हणत, "आज्ञाधारक माणसांनी इतिहासाचं फार नुकसान केलंय." यावर हसायचं, हेही ठरलेलं.

हसून झालं की ते वहिनीकडे वळत. "अगं, दे ना त्यांच्या हातात. कडेने धर."

दुसरं कुठलंही नाणं ते स्वतः उचलून दाखवत. राणीचं मात्र वहिनीच्याच हातून. नाण्याच्या तोंडाला बोट लावायचं नाही, दोन कडांना धरून पाहुण्याच्या तळव्यावर अलगद ठेवायचं. गेली दहा-अकरा वर्षं ती हे करत आली होती. पाहुणा नाणं डोळ्यांजवळ नेई, डॉक्टर वहिनीच्या चेहऱ्याकडे बघत राहत. बायकोचा मान ठेवतात, असं पाहुण्यांना वाटे. तिलाही तसंच वाटत आलं होतं.

हे सगळं झालं ते धाकटीपायी. धाकटी म्हणजे वहिनीची पाठची बहीण. शाळेत शिकवायची, वर्गात आणि घरात सारख्याच मोठ्याने हसायची. तिच्या पोटात गाठ निघाली तेव्हा तिच्या नवऱ्याचं दुकान नुकतंच बसलं होतं. वहिनीने आधी अंगावरचं विकलं. ते पुरेना, तेव्हा डॉक्टरांकडे विषय काढला. डॉक्टर वाईट बोलले नाहीत. पेपर घडी करून बाजूला ठेवून म्हणाले, "हे बघ, आभाळच फाटलंय. आपण ठिगळ कुठे कुठे लावणार?" आणि पेपर पुन्हा उघडला.

डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ दातांचे साचे घेत आणि सोन्याच्या टोप्या ओतत. त्यांना सगळे कवळीवाले काका म्हणत. मेणाचा दात करायचा, तो मातीत पुरायचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत सोनं ओतायचं, हे काम त्यांनी जन्मभर केलेलं. डॉक्टर परगावी गेलेले असताना वहिनी ते नाणं रुमालात बांधून त्यांच्याकडे गेली. डॉक्टरांना अचानक भेट द्यायची आहे, असं म्हणाली. काकांनी दोन दिवसांत हुबेहूब दुसरं नाणं तिच्या हातावर ठेवलं. राणीचं नाक तेच, कानामागचा ओरखडासुद्धा तोच. खरं नाणं ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या एका व्यापाऱ्याला विकून आली. त्याने भिंगातून बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि फारशी घासाघीस न करता पैसे दिले.

ऑपरेशन झालं. डॉक्टर इस्पितळात भेटायला आले तेव्हा धाकटीने उशीवरूनच हात जोडले.

"भावजी, तुमचे उपकार कुठे फेडू?"

पैसे भावजींनी दिले, असंच वहिनीने बहिणीला सांगितलं होतं. डॉक्टरांनी एकदा वहिनीकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं, त्यात काय एवढं? बरी हो म्हणजे झालं."

"बरी नाही झाले तर माझे दात सोन्याचे करून टाका," धाकटी म्हणाली. "मेल्यावर ताईला काढून विकता येतील."

डॉक्टर मनापासून हसले होते. न केलेल्या उपकाराचे आभार माणूस इतक्या सहज कसे खिशात घालतो, याचं वहिनीला तेव्हा नवल वाटलं होतं, आणि थोडी घृणाही. पण तिचाच हात दगडाखाली होता, बोलणार काय?

काही महिन्यांनी गाठ परत आली. वहिनीकडे आता विकायला काही उरलं नव्हतं. तिने डॉक्टरांना आधी ते नुसतं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पैशांचं विचारलं, या वेळी जवळजवळ पायाच पडली. डॉक्टरांचा चेहरा खरोखरच ओढल्यासारखा झाला. "या महिन्यात हात फार अडकलाय गं," ते म्हणाले. "थोडं थांबू. वर्षअखेरीला काहीतरी बघू." धाकटी वर्षअखेरीपर्यंत थांबली नाही.

दाराची घंटा वाजली.

संग्रहालयातल्या बाई चाळिशीच्या होत्या, चटपटीत आणि बोलक्या. आल्या आल्या त्यांनी हात धुवायची जागा विचारली, कोपरापर्यंत हात धुतले आणि पिशवीतून एक छोटा चौकोनी काटा काढून मखमलीच्या कडेला ठेवला.

"वहिनी, तुम्हीही बसा ना. उभ्या का?"

"तिला उभं राहायची सवय आहे," डॉक्टर म्हणाले.

वहिनी बसली. तिने हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरून ठेवले. काल दुपारभर तिने मनात वाक्यं जुळवली होती. अहो, एक सांगायचं होतं. अहो, रागावू नका. एकाही वाक्याचा शेवट तिला सापडला नव्हता.

बाईंनी एकेक नाणं काट्यावर ठेवायला सुरुवात केली. डॉक्टर रंगात आले. प्रत्येक नाणं आधी ते स्वतःच्या तळव्यावर घेत, डोळे मिटत, हात किंचित वरखाली करत आणि वजन सांगत. मग बाई ते काट्यावर ठेवत आणि काटा तोच आकडा दाखवी.

"कमाल आहे हो," बाई म्हणाल्या. "मग मी हे यंत्र उगाच वाहून आणलं."

"आयुष्यभर गुंज-गुंजभर सोनं हाताळलंय बाई. टोपी जरा जड झाली की पेशंट जबडा धरून बसायचा. हाताला सवय लागते."

तिसऱ्या-चौथ्या नाण्याला वहिनीच्या मनात ते आलं. ज्या माणसाच्या हाताला एवढं कळतं, त्याने राणीचं नाणं इतक्या वर्षांत शेकडो वेळा हातात घेतलं होतं. पण त्यावर विचार करायला वेळ उरला नव्हता. बाईंची बोटं मधल्या खळग्याकडे गेली.

"आणि या राणीसाहेब! यांच्यासाठी तर आम्ही अख्खी काच रिकामी ठेवलीय."

"अहो," वहिनी म्हणाली. "अहो, जरा आत येता?"

"थांब."

"एकच मिनिट."

"थांब म्हटलं ना." डॉक्टरांनी हात पुढे करून बाईंचं मनगट हलकेच अडवलं. "ते नका तोलू. ते खोटं आहे."

डॉक्टरांनी सदऱ्याच्या खिशातून कापसात गुंडाळलेली एक डबी काढली, उघडली, आणि दुसरी राणी पहिलीच्या शेजारी मखमलीवर ठेवली. तिरप्या उजेडात दोघींची नाकं एकाच बाजूला वळलेली होती. पण दुसरीचा पिवळेपणा खोल होता, आणि पहिली तिच्याशेजारी पितळी वाटत होती.

"खरं दवाखान्याच्या तिजोरीत असतं," डॉक्टर म्हणाले. "हे घरातलं म्हणजे नक्कल. आमच्याच कवळीवाल्यांनी ओतलेली. कारागिरी बघा."

बाईंनी भिंग लावून दोन्ही पाहिली आणि हसू लागल्या. "मी फसले असते हो, काटा नसता तर. कशाचं आहे?"

"दातांचं सोनं. टोप्यांचं. त्यात भेसळ असते, नाहीतर चावताना वाकेल. दिसायला सोनं, हाताला हलकं."

"मोठी युक्ती केलीत. चोर आला तर खोटं घेऊन जाणार. वहिनींना माहीत होतं का हो?"

"तिच्याइतकं कोणाला माहीत असणार?" डॉक्टर म्हणाले आणि वहिनीकडे बघून हसले. त्या हसण्यात राग नव्हता. खोडकर मुलाला पकडल्यावर बाप हसतो तसं काहीतरी होतं.

पुढचं वहिनीला धड ऐकू आलं नाही. खऱ्या राणीचं वजन बरोबर भरलं. नाणं मधल्या काळात कोणाला विकलं होतं का, असं बाईंनी रीतसर विचारलं; डॉक्टर म्हणाले, छे, घरातच होतं. काचेखालच्या पट्टीवर नाव कोणाचं घालायचं, असं विचारल्यावर ते म्हणाले, "आम्हा दोघांचं घाला. तिने फार सांभाळलंय." बाई आपल्या पेटीत नाणी ठेवून, पुन्हा दोन वेळा कमाल आहे म्हणून, गेल्या. डॉक्टर त्यांना फाटकापर्यंत पोचवून आले.

परत आले तेव्हा वहिनी तिथेच बसलेली होती. डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले.

"घाबरलीस ना?"

तिने मान हलवली.

"केव्हा कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी. हातात घेतलं आणि कळलं. जन्म गेला लोकांच्या तोंडात ते सोनं बसवण्यात, मला कळणार नाही होय? आणि तू त्या दुकानाच्या पायऱ्या उतरायच्या आत त्याचा मला फोन. म्हणे, डॉक्टर, तुमची राणी आमच्याकडे पाहुणी आलीय. अगं, या शहरात हे नाणं ओळखणारी आम्ही पाच टाळकी. त्यातल्याच एकाच्या हातात नेऊन दिलंस! हत्ती चोरायचा, भर बाजारातून न्यायचा, आणि वर म्हणायचं, कोणी पाहिलं नाही ना?"

ते हसले. वहिनीलाही हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. अकरा वर्षांचं ओझं असं चहाच्या पेल्यासारखं कोणी टेबलावरून उचलून नेईल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"मग बोलला का नाहीत कधी?"

"काय बोलायचं? तुझी सख्खी बहीण. मला काय कळत नव्हतं?" डॉक्टरांचा आवाज मऊ झाला. "मी वाट बघत होतो, तू सांगशील म्हणून. दर वेळी तुझ्याच हातून द्यायला लावायचो ना, ते त्यासाठीच. वाटायचं, आज बोलेल. नाही बोललीस. जाऊ दे. मी तुला केव्हाच माफ केलंय. एका अक्षराने कधी टोचलं का, सांग बरं?"

"नाही."

"आणि धाकटीसमोरसुद्धा तुझी लाज राखली."

"हो. राखलीत."

या माणसाला आपण ओळखलंच नाही, असं तिला वाटलं. इतकी वर्षं त्याच्या ताटात वाढलं, त्याच्या शेजारी झोपलो, आणि मनात त्याला कंजूष म्हणत राहिलो. तिने हात पुढे करून डॉक्टरांची बाही धरली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत ती अशी बाही धरत असे. त्यांनी आपल्यासाठी किती केलं ते सगळं तिला आता ऐकायचं होतं, म्हणून तिने विचारलं.

"मग परत लगेच आणलंत का हो?"

"छे, लगेच कुठलं! मी त्याला म्हटलं, बाजूला ठेव, मला घाई नाही. ठेवलं बिचाऱ्याने. चांगलं सहा-सात महिने ठेवलं." तारखा आणि सनावळ्या सांगताना डॉक्टरांचे डोळे लकाकत, तसे आताही लकाकले. "ऑक्टोबरात आणलं. धाकटी दुसऱ्यांदा अॅडमिट झाली ना, तो आठवडा. पक्कं आठवतंय मला, कारण आदल्या संध्याकाळी तू तिची गाठ परत आल्याचं सांगितलंस, आणि सकाळी त्याचा फोन. बाहेरचं बडं गिऱ्हाईक आलंय म्हणाला, रोख घेऊन बसलंय. माझी काय ओढाताण झाली असेल, तुला कल्पना नाही. होतं नव्हतं तेवढं सगळं काढून दिलं. वर्षभर हात मोकळा झाला नाही."

वहिनी त्यांच्याकडे बघत होती.

"थांबणं शक्यच नव्हतं गं," डॉक्टर म्हणाले. "दोन दिवस जरी गेले असते ना, तर कायमचं हातचं गेलं असतं."

"हो," वहिनी म्हणाली. "जातं."

तिने बाही सोडली. डॉक्टरांना त्यात काही वावगं दिसलं नाही. मनावरचं एक जुनं काम आज हातावेगळं झाल्याच्या समाधानात त्यांनी पाय लांब केले, चष्मा काढून कपाळ चोळलं.

"चला. आता मस्तपैकी चहा टाक."

ती उठली नाही. डॉक्टर थोडा वेळ थांबले. दमली असेल, रडून डोकं चढलं असेल, असं म्हणून ते आज उदार मनाने स्वतःच स्वयंपाकघरात गेले. भांडं पडल्याचा आवाज आला, नळ सुटल्याचा आला, मग फडताळाची दारं एकामागून एक उघडल्याचा.

"अगं, साखर कुठे ठेवतेस?"

वहिनी मखमलीकडे बघत बसली होती.

"ऐकलंस का? साखर कुठे असते आपली?"

तिने सांगितलं नाही.